'आशा पुथली' (१९७३) ते 'द डेव्हिल इज लूज' (१९७६) : एका मुंबईकर आवाजाचा प्रवास

१/
१९७३ साली युरोपच्या बाजारात दोन पहिलेवहिले अल्बम दाखल झाले. एक 'क्वीन' या बँडचा. त्याचा गायक फारोख बलसारा हा पाचगणीच्या निवासी शाळेत शिकलेला पारशी मुलगा. अल्बमवर त्याचे नाव होते फ्रेडी मर्क्युरी. दुसरा अल्बम मुंबईत जन्मलेल्या, हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेल्या तरुणीचा. तिने नाव बदलले नाही. अल्बमचे नावच होते 'आशा पुथली'. पहिल्याला सारे जग ओळखते. आज दुसरीची ओळख करून घेऊ. #इतिहास #थ्रेड

२/
आशा पुथली यांच्या दोन अल्बमची तुलना हा या थ्रेडचा विषय आहे : १९७३ चा पहिला आणि १९७६ चा 'द डेव्हिल इज लूज'. अशा तुलनेचे दोन ठरावीक निकाल असतात. 'पहिला कच्चा होता, पुढे गायिका परिपक्व झाली', किंवा 'पहिलाच अस्सल होता, पुढे ती बाजारात गेली.' दोन्ही निकाल सोपे आहेत, म्हणूनच संशयास्पद आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. गाणी कोणी निवडली? पैसा कोणाचा होता? आणि ऐकणारा कोण, असे गृहीत धरले होते?

३/
प्रथम 'सोल' म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायन आणि ब्लूज या दोन प्रवाहांच्या संगमातून १९५० च्या दशकात ही शैली आकाराला आली. रे चार्ल्स हे तिचे आद्य नाव. देवाला उद्देशून गायची आर्तता प्रियकराला उद्देशून गायली जाऊ लागली. आपल्याकडे अभंग आणि विराणी यांच्यातील सीमारेषा जशी कधीकधी पुसट होते, तसेच काहीसे. यात शब्दापेक्षा शब्द उच्चारण्याची रीत मोलाची. स्वर किती ताणला, कुठे सोडला, कुठे श्वास ऐकू येऊ दिला, यातच गायकाची सही असते.

४/
पहिल्या व नंतरच्या अल्बमच्या तुलनेचा नमुना म्हणून अरीथा फ्रँकलिन यांचे उदाहरण घेऊ. १९६० साली जॉन हॅमंड यांनी त्यांना कोलंबिया कंपनीत आणले. तिथला १९६१ चा पहिला अल्बम जॅझच्या अंगाने जाणारा. गायन उत्तम, पण कंपनीला त्यांचे नेमके काय करावे हे काही वर्षे उमगले नाही. १९६७ साली अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलर यांनी त्यांना अलाबामातील मसल शोल्स येथे नेले आणि पियानोपाशी बसवले. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. आवाज तोच होता, भोवतीची चौकट बदलली होती. हॅमंड हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

५/
आता मुंबई. सोल आणि जॅझ हे संगीत मुंबईला परके नव्हते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात वाजत होता. त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. या वादकांकडून शिकले ते प्रामुख्याने गोव्याहून आलेले कलावंत. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी वाचायला शिकलेले हे तरुण रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला जात.

६/
त्यांपैकी एक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट. ट्रम्पेटवादक. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्याबरोबर त्यांनी काम केले. भगवानदादांच्या 'अलबेला'तील (१९५१) जो ठेका आजही वरातीत पाय हलवतो, त्याच्या मागे मुंबईच्या याच जॅझचा श्वास आहे. पण श्रेयनामावलीत या वादकांची नावे क्वचितच आली. मुंबईत पाश्चात्त्य संगीताला काम होते. स्वतःचे नाव नव्हते. ज्या गायिकेला चित्रपटाच्या पार्श्वगायनाखेरीज काही करायचे होते, तिच्यासाठी हा मार्ग अधिकच अरुंद होता.

७/
आशा पुथली यांचा जन्म १९४५ चा. त्यांनी पं. लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले आणि त्याच वेळी पाश्चात्त्य ऑपेराचे गायनही त्या शिकल्या. रेडिओवरून जॅझ कानावर पडत होते. दोन तालमी परस्परविरोधी वाटतात. ऑपेरा स्वराला भरीव, भिंतीसारखे उभे करायला शिकवतो; रागसंगीत एका स्वरातून दुसऱ्यात मींडेने सरकायला शिकवते. या दोन्हींची गाठ पुढे जॅझमध्ये पडली, कारण तिथे दोन्ही गोष्टी लागतात.

८/
अमेरिकेला जाण्यासाठी त्यांनी ब्रिटिश विमान कंपनीत विमानसेविकेची नोकरी धरली. न्यूयॉर्कमध्ये मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळाली. दरम्यान लेखक वेद मेहता यांच्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' (१९७०) या ग्रंथात मुंबईच्या जॅझविषयीच्या प्रकरणात त्यांचे चित्रण आले होते. ते वाचून एका माणसाचे कुतूहल जागे झाले. तो माणूस म्हणजे जॉन हॅमंड. १९३३ साली बिली हॉलिडे यांचे पहिले ध्वनिमुद्रण घडवणारे, अरीथा यांना कोलंबियात आणणारे, बॉब डिलन यांना करारबद्ध करणारे तेच हॅमंड.

९/
इथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. 'पहिला अल्बम' कोणता? १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतातच 'द सर्फर्स' या बँडबरोबर त्यांची एक ईपी निघाली होती. ईपी म्हणजे लहान आकाराची, चार-पाच गाण्यांची तबकडी. त्यात पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांचे पुनर्गायन होते. १९७१ साली ऑर्नेट कोलमन यांच्या अल्बममध्ये त्यांची दोन गाणी मुद्रित झाली. आणि १९७३ साली स्वतःच्या नावाचा अल्बम आला. म्हणजे पदार्पणे तीन झाली : मुंबईकर श्रोत्याच्या लेखी एक, जॅझच्या जाणकाराच्या लेखी दुसरे, विक्रेत्याच्या लेखी तिसरे. 'पहिले' हा शब्द उच्चारताच आपण कोणाच्या तरी दप्तरावर विश्वास ठेवत असतो.

१०/
कोलमन यांच्या त्या अल्बमचे नाव 'सायन्स फिक्शन' (प्रकाशन १९७२). कोलमन हे 'फ्री जॅझ'चे प्रवर्तक. त्यांनी स्वरसंवादांची, म्हणजे कॉर्डची, ठरलेली चौकट मोडली होती. बहुतेक पाश्चात्त्य गायकांचा पाय या चौकटीवरच टेकलेला असतो. ती काढून घेतली की ते डगमगतात. रागसंगीतात तालीम झालेल्या गायिकेला कॉर्डचा आधार मुळात लागतच नाही. तिचा आधार मनातला षड्ज असतो. या दोन गाण्यांत वाद्यांचा कल्लोळ उसळत असताना पुथली यांचा सूर शांतपणे लांब रेषा ओढत जातो. 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांच्या मतदानात त्यांचे नाव झळकले ते याच कामामुळे.

११/
तरीही कोलंबियाच्या अमेरिकन कचेरीने त्यांचा स्वतंत्र अल्बम काढला नाही. भारतीय स्त्री, जॅझ गाणारी, सतारीविना! दुकानातल्या कोणत्या कप्प्यात ठेवणार? मार्ग निघाला तो त्याच कंपनीच्या युरोपीय शाखेतून, सीबीएसमधून. निर्माते होते डेल न्यूमन, एल्टन जॉन यांच्या 'गुडबाय यलो ब्रिक रोड'साठी तंतुवाद्यांची रचना करणारे. अशा रीतीने १९७३ चा 'आशा पुथली' जन्मला.

१२/
या अल्बममधील गाणी पाहा. जे. जे. केल यांची 'राइट डाउन हिअर' आणि 'लाइज'. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांचे 'आय डिग लव्ह'. बिल विदर्स यांचे 'लेट मी इन युअर लाइफ'. केल हे ओक्लाहोमाचे, आळसावलेल्या ठेक्याचे गीतकार. हॅरिसन इंग्लंडचे आणि रविशंकरांचे शिष्य. विदर्स हे सोलचे मान्यवर. तीन वेगळ्या परंपरांतली गाणी एकाच गळ्याकडे सोपवली गेली. हा अल्बम एका अर्थी परीक्षेचा हॉल आहे. प्रत्येक गाणे म्हणजे एक प्रश्नपत्रिका : हे जमते का? आणि हे?

१३/
उत्तरे थक्क करणारी आहेत. केल आपली गाणी जवळजवळ पुटपुटतात. पुथली त्याच ओळींना लवचिक करतात, शब्दाच्या शेवटाला हलकी घसरण देतात आणि खट्याळपणा आणतात. हॅरिसनच्या गाण्यात भक्ती आणि चावटपणा यांची सीमा त्या मुद्दाम पुसतात. दुसऱ्याची बंदिश घेऊन ती आपल्या अंगाने मांडणे हे आपल्या परंपरेत कमीपणाचे नाही. एकच बंदिश किती घराणी गातात! पाश्चात्त्य बाजारात मात्र १९७० च्या दशकात 'स्वतःचे गाणे' हीच अस्सलपणाची खूण ठरत होती. त्यामुळे ज्या गुणाचे भारतीय श्रोत्याने कौतुक केले असते, तोच तिथे उणेपणा ठरण्याची भीती होती.

१४/
आता १९७६. अल्बम 'द डेव्हिल इज लूज'. काम झाले जर्मनीत, निर्माते डीटर झिमरमन. मधल्या तीन वर्षांत नृत्यगृहांचे संगीत पालटले होते. जर्मनीत जॉर्जिओ मोरोडर आणि डॉना समर यांनी १९७५ साली लांबलचक, धीम्या कामुकतेचे डिस्को गाणे घडवून खळबळ उडवली होती. सिंथेसायझर स्वस्त होऊ लागला होता. नव्या अल्बमसमोर प्रश्न 'ही गायिका काय काय गाऊ शकते' असा उरला नव्हता. प्रश्न असा होता : 'या आवाजाभोवती कोणते जग उभे करता येईल?'

१५/
'स्पेस टॉक' हे या अल्बममधील गाणे त्याचे उत्तर आहे. खालच्या पट्टीत फिरणारा बास, दूरवर तरंगणारे सिंथेसायझरचे स्वर आणि मधोमध जवळजवळ कुजबुजणारा आवाज. ही कुजबुज मायक्रोफोनशिवाय अशक्य. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले तेव्हा समोर केवळ एक कर्णा होता. त्यात ओरडूनच गावे लागे. १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आला आणि हळू गाणे ही कला बनली. मराठी भावगीताचा बहरही त्याच काळातला, हे ध्यानात घ्या. पुथली यांनी ही शक्यता टोकाला नेली. इथे श्वास हेही एक वाद्य आहे.

१६/
तर मग कोणता अल्बम श्रेष्ठ? १९७३ मध्ये गळ्याचा पल्ला अधिक दिसतो. १९७६ मध्ये पल्ला आवरला आहे, पण ओळख पक्की झाली आहे. पहिल्यात आपण म्हणतो, 'केल यांचे गाणे किती वेगळे गायले!' दुसऱ्यात मूळ गायक आठवण्याचा प्रश्नच उरत नाही. हा लाभ मोठा आहे. किंमतही मोजावी लागली : कोलमन यांच्यासोबत जो सूर निराधार अवकाशात स्वतःच्या बळावर उभा राहिला होता, तो आता नृत्याच्या ठेक्यावर बसवला गेला. माझे मत विचाराल तर १९७६ चा अल्बम अधिक परिपूर्ण आहे आणि १९७३ चा अधिक धाडसी. धाडस आणि पूर्णता एकाच तबकडीत मिळावीत, अशी परिस्थिती या गायिकेला कोणी दिलीच नाही.

१७/
परिस्थिती म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या एका जुन्या विनोदातून सांगतो. कुळगाव-बदलापूरच्या पलीकडे, अंबरनाथ ओलांडले की उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या माणसांनी कल्याणच्या लष्करी छावणीत शून्यातून उभे केलेले शहर. तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' असा शिक्का असे आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असे लोक हसत सांगत. विनोदातले सत्य कडवट आहे. माल चांगला असला तरी गिऱ्हाईक आधी शिक्का वाचते, मग वस्तू पाहते.

१८/
पुथली यांच्या बाबतीत शिक्क्याचा प्रश्न उलटा झाला. नाव भारतीय, म्हणून पाश्चात्त्य गिऱ्हाइकाला सतार व उदबत्ती हवी. संगीत पाश्चात्त्य, म्हणून भारतीय गिऱ्हाइकाला ती आपली वाटेना. फारोख बलसारा यांनी नाव बदलून या पेचातून वाट काढली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तो काळच तसा होता. पण पहिल्या अल्बमला स्वतःचे संपूर्ण नाव देणे हा एका तरुणीचा केवढा निर्धार होता, हे या तुलनेतून कळते.

१९/
त्यांचे अल्बम प्रामुख्याने युरोपात निघाले. न्यूयॉर्कमध्ये ते आयात केलेल्या प्रतींच्या रूपाने पोहोचले. तिथे डेव्हिड मॅनकुसो १९७० पासून आपल्या राहत्या जागेत 'द लॉफ्ट' नावाच्या नृत्यसभा भरवत. मद्यविक्री नाही, प्रवेश निमंत्रितांनाच. गोरे, काळे, लॅटिनो, समलिंगी असे सगळे एका छताखाली. मॅनकुसो तबकडीवरचे नाव पाहून गाणे निवडत नसत. 'स्पेस टॉक' तिथले आवडते गाणे झाले. कंपनीच्या विक्री विभागाला जो कप्पा सापडला नव्हता, तो नाचणाऱ्यांनी स्वतः तयार केला.

२०/
पुढे 'लिंडियाना', '१००१ नाइट्स ऑफ लव्ह', 'ओन्ली द हेडेक्स रिमेन' असे अल्बम १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत येत राहिले. मग दीर्घ शांतता. १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या 'लाइफ आफ्टर डेथ' या अल्बममधील एका गाण्यात 'स्पेस टॉक'चा तुकडा वापरला गेला. याला सॅम्पलिंग म्हणतात : जुन्या ध्वनिमुद्रणातील अंश कापून नव्या गाण्याच्या पायात घालणे. लाखो घरांत तो ध्वनी पोहोचला. तो कोठून आला, हे श्रेयनामावलीच्या बारीक अक्षरांत राहिले. सहावी पोस्ट आठवा. चिक चॉकलेट यांच्या पिढीची कथा निराळ्या वेशात परत आली होती.

२१/
आणि भारत? आपल्याकडे डिस्कोची लाट आली ती १९८० साली, 'कुर्बानी' चित्रपटातून, बिद्दू यांचे संगीत आणि नाझिया हसन यांचा आवाज घेऊन. 'द डेव्हिल इज लूज' त्याच्या चार वर्षे आधीचा. पण त्यात ना चित्रपट होता, ना हिंदी शब्द. आपल्या संगीताच्या इतिहासात ध्वनिमुद्रिका चित्रपटाच्या नावाने नोंदल्या जातात, शास्त्रीय गायक घराण्याच्या नावाने, भावगीते आकाशवाणीच्या आठवणींतून. या तीनही वह्यांत न बसणारी व्यक्ती पानाबाहेर राहते. आशा पुथली यांचे नाव मराठी वाचकाला अपरिचित असण्याचे कारण त्यांच्या गाण्यात नाही, आपल्या वह्यांच्या रकान्यांत आहे.

२२/
शेवट मात्र उदास नाही. २००६ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. २०२२ साली इंग्लंडमधील 'मिस्टर बाँगो' या संस्थेने त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला. आणि २०२४ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्या ग्लास्टनबरी महोत्सवात गायल्या. समोर बसलेल्या अनेकांचे आईवडीलही १९७३ साली बालवाडीत असतील.

२३/
आता तुमचे काम. ऐकण्याचा क्रम असा ठेवा : आधी कोलमन यांचे 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह', मग 'राइट डाउन हिअर', शेवटी 'स्पेस टॉक'. तीन गाणी, पाच वर्षांचा काळ, गळा एकच. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा : हा सूर कोणत्या आधारावर उभा आहे? मनातल्या षड्जावर, दुसऱ्याच्या गाण्यावर, की यंत्राच्या ठेक्यावर? मग कोणता अल्बम 'चांगला' हे ठरवा. माझ्याहून वेगळे ठरले तर कारणासह लिहा, चर्चा करू.

२४/
आणि एक विनंती. घरात जुन्या तबकड्या, कॅसेटी असतील तर त्यांच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचा. वादक कोण, संगीत संयोजन कोणाचे, मुद्रण कुठे झाले. छायाचित्र काढून जपून ठेवा. मोठी नावे आपोआप टिकतात. उरलेल्यांचा इतिहास बहुधा अशाच कोपऱ्यांत असतो, आणि वेष्टन रद्दीत गेले की तोही जातो. थ्रेड उपयुक्त वाटला तर पुढे पाठवा.